चला उजनीला, पाहुणे बघायला!

‘‘पक्षी बघायला? ते काय बघायचे? आणि त्यासाठी रात्री अडीचला उठून थेट भिगवणला?’’ आमच्या मंडळातल्या सोळा जणींपैकी निदान चौदा जणींच्या घरी हा प्रश्न विचारला गेला. उरलेल्या दोघींपैकी एकीचे यजमान परगावी नोकरीला आणि दुसरी घरात एकटीच राहते, म्हणून विचारायला कुणी नव्हतं एवढंच!

देवदर्शन असतं तर कुणी चकार शब्द काढला नसता. तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर हे आम्हा बार्शीकर बायकांच्या सहलीचे ठरलेले रस्ते. लग्न, बारसं, मयत आणि देव या चार कारणांखेरीज बाईनं गाव सोडायचं म्हणजे पाचवं कारण आधीपासून तयार ठेवावं लागतं. २०२५ च्या संक्रांतीला आम्ही ते तयार केलं.

झालं असं, की दरवर्षी हळदी-कुंकवाला आमचं मंडळ वाण लुटतं. कधी प्लॅस्टिकचे डबे, कधी चाळणी, कधी स्टीलच्या वाट्या. माझ्या फडताळात अशा वाट्या अकरा आहेत आणि एकीलाही दुसरीची जोड नाही. मी मीटिंगमध्ये म्हटलं, यंदा वाण नको, तेवढे पैसे गाडीभाड्यात घालू आणि सगळ्या मिळून कुठंतरी जाऊ. आणि ‘सगळ्या’ म्हणजे खरोखर सगळ्या. ज्यांना हळदी-कुंकवाचं बोलावणं जात नाही, त्यासुद्धा. यावर थोडी कुजबुज झाली, ती मी ऐकू न आल्यासारखं करून पुढं गेले. समाजकार्यात एवढं बहिरेपण अंगी बाणवावंच लागतं.

उजनीचं नाव सुचवलं ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीनं. ती दरवर्षी मुलांना घेऊन जाते. ‘‘अगं, सैबेरिया, तिबेट, कच्छ, कुठून कुठून पाहुणे येतात आपल्या दाराशी, आणि आपल्याला पत्ताच नसतो,’’ असं म्हणाली. दुर्बिणी मात्र दोनच मिळाल्या. एक तिची आणि एक पापडवाल्या काकूंच्या नातवाची, खेळण्यातली. गंमत म्हणजे ती खेळण्यातलीही बरी निघाली!

फेब्रुवारीतला रविवार ठरला. पहाटे तीनला दोन जीप निघाल्या. कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत सोलापूर-पुणे हायवेला लागलो. भीमानगरला धरणाचे दिवे दिसले तेव्हा निम्म्या जणी झोपेत होत्या. इंदापूर मागं टाकलं आणि भिगवणच्या अलीकडे हायवे सोडून कुंभारगावच्या रस्त्याला वळलो, तेव्हा पूर्वेला जेमतेम फटफटत होतं.

हे कुंभारगाव म्हणजे उजनीच्या काठावरचं मच्छीमारांचं गाव. भीमा नदीवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. यशवंतसागर हे जलाशयाचं कागदावरचं नाव, तोंडात मात्र उजनीच. साठवण ११७ टीएमसी, आणि त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी पाणी मृतसाठ्याचं, म्हणजे कालव्याला सोडता न येणारं. वापरायचं पाणी संपलं की पेपरात येतं ना, ‘उजनी मायनसमध्ये’, ते हेच. आमच्या बार्शीच्या नळालाही उजनीचंच पाणी येतं. म्हणजे ज्या पाण्याची आठ-आठ दिवस वाट बघत आपण पिंपं भरून ठेवतो, ते पाणी घरी येण्याआधी असतं कसं, हे आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

काठावर पोचल्यावर पहिला प्रश्न आला तो पक्ष्यांचा नव्हे. तीन तास जीपमध्ये बसलेल्या सोळा बायका! पर्यटनस्थळ म्हणून जागा नावारूपाला येते, फलक लागतात, फोटो झळकतात, आणि बाईमाणसाच्या सोयीचं कुणाच्या लक्षातच येत नाही. आमच्या नाववाल्या दादांनी त्यांच्या घरी नेलं, त्यांच्या बायकोनं न सांगता गरम पाण्याची बादली पुढं केली, म्हणून निभावलं. तुम्ही गट घेऊन निघालात तर ही चौकशी फोनवर आधी करा, पक्ष्यांची मग.

दुसरी गोष्ट लाइफ जॅकेटची. मी आधीच सांगून ठेवलं होतं, जॅकेट नसेल तर नावेत पाय ठेवणार नाही. २१ मे २०२४ ला याच जलाशयात, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. लहान मुलंही होती त्यात. काठावरच्या गावांना जलाशयाला वळसा घालायचा तर कित्येक किलोमीटर पडतात, म्हणून बायाबापड्या नावेनं ये-जा करतात. त्यांची ती गरज, आपली तर हौस. मग हौसेला तरी काळजी नको? नाववाल्या दादांकडे जॅकेटं होती. सहावारीवर ती नारिंगी जॅकेटं चढवून आम्ही एकमेकींकडं बघितलं आणि जे हसू फुटलं, त्यानं काठावरच्या टिटव्या उठल्या!

दोन नावांत आठ-आठ जणी बसलो. धुक्याचा पातळसा थर पाण्यावर होता. दादांनी इंजिन बंद केलं आणि लांब बांबूनं नाव रेटायला लागले. आणि मग... बायकांनो, खरं सांगते, आमच्या आठ जणींच्या नावेत दहा मिनिटं कुणी बोललं नाही. हा आमच्या मंडळाच्या इतिहासातला विक्रम असावा.

समोर रोहित होते. फ्लेमिंगो म्हणतात ते. अग्निपंख असंही एक सुंदर नाव आहे त्यांना. लांबून वाटलं पाण्यावर कुणी फिकट गुलाबी लुगडं वाळत घातलंय. जवळ गेल्यावर त्यातून एकेक मान वर आली. जवळजवळ आपल्या खांद्याइतका उंच पक्षी, काडीसारखे पाय, आणि चोच अशी वाकडी की बघणाऱ्याला वाटावं, हा खातो कसा? तो डोकं उलटं करून खातो. चोच पाण्यात पालथी घालायची, पाणी आत घ्यायचं आणि जिभेनं ढकलून चोचीच्या कडेच्या झालरीतून गाळून बाहेर टाकायचं. शेवाळ आणि बारीक जीव आत राहतात. ‘‘म्हणजे आपलं पिठाच्या चाळणीसारखं,’’ एकीनं सांगितलं आणि सगळ्यांना समजलं. त्यांचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. पिल्लं करड्या रंगाची असतात, ती दोन-तीन वर्षांनी हळूहळू रंगत जातात.

हे पक्षी अंडी घालतात कच्छच्या रणात. चिखलाचं बुटकं घरटं, त्यात एकच अंडं. आमच्या प्राध्यापक मैत्रिणीनं सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. पिल्लाला भरवायला या पक्ष्यांच्या घशाच्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार होतो, आणि तो आईच्याही तयार होतो आणि बापाच्याही. दोघंही पाजतात! यावर नावेत जी चर्चा झाली ती इथं छापण्याजोगी नाही.

रोहितांना उथळ पाणी लागतं. पाय टेकून चरायचं ना. २०२४ च्या पावसाळ्यात उजनी काठोकाठ भरली होती, म्हणून पाणी ओसरून दलदल उघडी पडायला वेळ लागला आणि यंदा पाहुणे थोडे उशिरा आले, असं दादा सांगत होते. नोव्हेंबरपासून येणं सुरू होतं, जानेवारी ते मार्च हा बघायचा चांगला काळ, आणि उन्हं तापली की परत.

आता एक कडू गोष्ट. आमच्या पलीकडे आणखी एक नाव होती. मोठमोठे कॅमेरे घेतलेली चार-पाच मंडळी. उडणाऱ्या रोहितांचे पंख खालून लालभडक दिसतात, त्यामुळे फोटो झकास येतो. म्हणून ते त्यांच्या नाववाल्याला सांगत होते, ‘‘अजून जवळ घे, उडव त्यांना.’’ तो पोरसवदा मुलगा बिचारा कात्रीत सापडलेला. इतक्यात आमच्या पापडवाल्या काकू उभ्या राहिल्या (दादा ओरडले, ‘‘काकू, खाली बसा!’’) आणि पाण्यावरून त्यांचा खणखणीत आवाज गेला, ‘‘अहो, जेवत्या माणसाला ताटावरून उठवतात का कुणी?’’

ती नाव थांबली. काय वाटलं असेल त्यांना ते असो, पण थांबली. हजार किलोमीटर उडून आलेला जीव चार घास खायला खाली मान घालतो आणि आपण त्याला आपल्या फोटोसाठी पुन्हा पुन्हा उडवायचं, हे मला तरी पटत नाही. दादा म्हणाले, पैसे जास्त देतो म्हणतात, नाही म्हणणं अवघड जातं. म्हणजे नाववाल्याला नाही म्हणता यावं, हे आपल्यासारख्या येणाऱ्यांच्याही हातात आहे. जाताना पहिल्यांदाच सांगायचं, आम्हाला उडवलेला पक्षी नको.

ऊन चढत गेलं तसे बाकीचे दिसायला लागले. आणि त्यांची मराठी नावं! शाळेत आपण चिमणी-कावळा-पोपटाच्या पलीकडे गेलो नाही, पण ज्या कुणी पूर्वजांनी ही नावं ठेवली त्यांची नजर काय असेल! सगळं अंग काळं आणि कपाळावर पांढरा टिळा, तो वारकरी. शेकड्यांनी होते, आणि उडायच्या आधी पाण्यावरून पायांनी पळत जायची त्यांची तऱ्हा. एकीनं लगेच ‘‘दिंडी निघाली’’ म्हणून टाळी वाजवली. उंच गुलाबी पायांवर तोल सावरत चालणारा शेकाट्या. चमच्याच्या आकाराच्या चोचीचा चमचा. पाण्यात बुडी मारून पंख वाळवत बसलेला पाणकावळा, थेट दोरीवर शर्ट टाकावा तसा. नदीवरून सूर मारणारा सुरय. पांढऱ्याशुभ्र अंगावर गुलाबी शेपटाची नक्षी असलेले चित्रबलाक तर जवळच भादलवाडीच्या तलावावर घरटी करतात. नारिंगी बदकांची जोडी दिसली, ती चक्रवाक. रात्री ताटातूट होते म्हणून जुन्या काव्यात रडवतात तेच हे. लडाख-तिबेटकडून येतात. आमच्या समोर मात्र दोघं शेजारी शेजारी निवांत बसले होते.

आणि पट्टकदंब. दिसायला गावठी हंसासारखा राखाडी, डोक्याच्या मागं दोन काळे पट्टे. तुम्ही म्हणाल त्यात काय? तर हा पक्षी मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरहून जास्त उंचीवरून उडताना त्याची नोंद झालेली आहे. माणसाला ऑक्सिजनची नळी लागते तिथं हा पंख मारत असतो. आणि एवढं करून इथं येऊन खातो काय? काठच्या शेतातला कोवळा हरभरा! शेतकऱ्यांना त्याचा काही पुळका नाही, आणि त्यांच्या बाजूनं ते बरोबरच आहे.

मग दादांनी गवताच्या कडेला बोट दाखवलं. ‘‘ते बघा, हळदी-कुंकू.’’

आम्हाला वाटलं, कुणी पाण्यात सोडलंय. पण ते बदकाचं नाव. हळदी-कुंकू बदक. चोचीचं टोक पिवळंधमक आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके, जणू आत्ताच करंडा पुढं करून कुणी बोट लावलंय. सगळ्या जणी वाकून वाकून बघायला लागल्या, ‘‘अय्या, खरंच की’’ सुरू झालं. आणि मग एकदम सगळ्या गप्प झाल्या, कारण आमच्या नावेत मावशी होत्या.

मावशी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत, आमच्या गल्लीच्या मावशी. अडुसष्ट वर्षांच्या. अकरा वर्षांपूर्वी यजमान गेले, तेव्हापासून संक्रांतीच्या दिवसांत मावशी संध्याकाळी दार लावून घेऊन बसतात. कुणी बोलावत नाही, आणि कुणाला अवघड वाटू नये म्हणून. त्यांनी शांतपणे हात पुढं केला. ‘‘दे की गं ती दुर्बीण. हे तरी बघायला मला कोण नको म्हणतंय?’’ आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘नर का मादी गं?’’ मैत्रीण म्हणाली, ‘‘मावशी, दोघांच्याही चोचीला असतं, जवळजवळ सारखंच दिसतं.’’ ‘‘असं व्हय,’’ मावशी म्हणाल्या आणि दुर्बीण पुढं दिली. दुर्बीण घेणारीनं मान खाली घातली. मागं कुजबुजणाऱ्यांमध्ये ती होती, हे मला माहीत होतं आणि तिलाही.

परतताना काठाच्या बाभळीवर सुगरणीची जुनी घरटी लोंबत होती. बहिणाबाई चौधरींनी तिच्या खोप्यावर लिहिलंय ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण तो खोपा विणतो नर, हे किती जणींना ठाऊक आहे? तो अर्धं घरटं विणून फांदीवर लटकत मादीला बोलावतो. ती येऊन आतून-बाहेरून तपासते, पसंत पडलं तर राहते, नाहीतर चालू लागते. पसंत पडल्यावर उरलेलं विणून पुरं करायचं ते त्यानंच. ‘‘म्हणजे सुगरण नव्हे, सुगरणा म्हणा की!’’ आमच्यातल्या बँकेत नोकरी करणाऱ्या वहिनींनी घरी गेल्या गेल्या ही माहिती यजमानांच्या कानावर घालायचं ठरवलं. मैत्रिणीनं लगेच त्यावर पाणी ओतलं. घरटं पूर्ण झालं की हा पठ्ठ्या दुसरं घरटं बांधायला घेतो, दुसरीसाठी! पिल्लांचं बहुतेक सगळं पहिलीच बघते.

जेवायला दादांच्या घरी. अंगणात पंगत बसली. चिलापीचं कालवण, तळलेले तुकडे, ज्वारीच्या भाकरी, आणि आमच्यातल्या शाकाहारी जणींना पिठलं-ठेचा. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा. आपल्या नद्यांत आला आणि असा माजला की देशी मासे मागं पडले. दादांचे वडील सांगत होते, पूर्वी जाळ्यात किती तऱ्हेचे मासे यायचे, आता टोपली भरते ती बहुतेक चिलापीनंच. आणि पाण्याचं म्हणाल तर काठाला हिरवा तवंग होता, वासही. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सगळं वाहून आलेलं पाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून इथं. आम्ही सोळा जणी तवंगाकडं बघत उभ्या होतो आणि प्रत्येकीच्या डोळ्यासमोर घरचा नळ होता. रोहित आले म्हणजे पाणी चांगलं, असं मात्र समजू नका. शेवाळ वाढलं तर त्यांना उलट खायला जास्त. पाखरू शेवाळ खाऊन जातं, आपल्याला तेच पाणी प्यायचंय. घरी आल्यावर मंडळानं पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागणारा अर्ज दिला. उत्तर आलेलं नाही. दुसरा अर्ज तयार आहे.

दादांची बायको तव्यावरून उठत नव्हती. हंगामात रोज तीस-चाळीस पानं वाढते म्हणाली. मासेमारी कमी झाली त्याला या पाहुण्यांनी, म्हणजे पक्ष्यांनी आणि आपण बघणाऱ्यांनीही, थोडा आधार दिलाय. मी विचारलं, ‘‘तुम्ही बघितलेत का रोहित जवळून?’’ ती हसली. ‘‘काठावरनं दिसत्यात की. नावंत बसायला सवड कुठं हाय?’’ आम्ही म्हटलं, भाकऱ्या आमच्यातल्या चौघी थापतात, तुम्ही चला एक फेरी. सासूबाईही जा म्हणाल्या. पण तेवढ्यात पुण्याहून बारा जणांचा गट अर्ध्या तासात पोचतोय असा फोन आला, आणि ती पुन्हा पिठाच्या परातीकडे वळली. एका जेवणाचे किती, एका नावेचे किती, हे पैसे कुणाच्या हातात जातात, तिच्या नावावर खातं आहे का, हे मी सवयीनं विचारून घेतलं. खातं आहे. व्यवहार मुलगा बघतो.

जेवणं आटोपल्यावर मावशी दिसेनात. शोधलं तर काठावरच्या दगडावर एकट्याच बसल्या होत्या, पलीकडच्या करमाळ्याच्या बाजूला बघत. मी शेजारी टेकले.

‘‘तिकडं आमचं गाव हुतं,’’ म्हणाल्या.

मला माहीतच नव्हतं. बारा वर्षं एका गल्लीत राहतो आम्ही. मावशींचं माहेर करमाळा तालुक्यातलं, हे ठाऊक होतं. पण ते उजनीच्या पाण्यात गेलंय, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. धरणात गावं गेली, काळीभोर जमीन गेली, हे आपण कालव्याच्या उसाच्या गोडीत विसरून गेलोय. लोकांना वर माळावर नवं गावठाण मिळालं. नाव जुन्याच गावाचं, पण नदी नाही.

मावशींचं लग्न सतराव्या वर्षी झालं. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा त्या सासरी होत्या, पहिलं मूल पोटात. घर सोडायचं म्हणून भावानं दाराची चौकट, तुळया, कौलं सगळं काढून बैलगाडीत भरलं. आईनं जातं नेलं. जाताना नुसत्या राहिलेल्या उंबऱ्याला आईनं हळदी-कुंकू वाहिलं आणि माघारी न बघता गाडीत बसली, हे त्यांना भावानं सांगितलेलं. ‘‘मला कुणी शेवटचं दाखवायला बी नेलं न्हाई. पोटुशी बाई, रडंल म्हणून.’’ नंतर माहेरपणाला गेल्या त्या नव्या गावठाणात. तिथं आई होती, भाऊ होता, जातंही होतं. ‘‘पण पाणी आणायला जायची वाट नव्हती बघ. आमची नदीवर जायची वाट.’’ उन्हाळ्यात भीमेच्या वाळूत टरबुजांचे वाफे असायचे. राखणीला पोरी जायच्या. तिथं नदीत उभे असलेले बगळे, करकोचे त्यांनी लहानपणी बघितलेले. म्हणजे आमच्या सोळा जणींत खरी पक्षी बघितलेली एकच होती, आणि तिला आम्ही सकाळपासून बगळा कसा ओळखायचा ते शिकवत होतो!

मी विचारलं, पाणी फार खाली गेलं तर गाव दिसतं का? पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं, लोक बघायला जातात, हे मी वाचलं होतं. ‘‘दिसतंय म्हणं,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी लई मायनसमध्ये गेली तवा भाचा जाऊन आला. मारुतीच्या पाराची दगडं हायत म्हणं. त्यानं फोटू काढलाय. मला काय कळंना त्यात.’’

तिथंच ठरलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात जायचं. रोहित नसतील, पट्टकदंब नसतील, तेव्हा ऊन मरणाचं असेल. पण एक जीप पुरे. गाडीत सांगितल्यावर नऊ हात वर आले. दुर्बीण मागणाऱ्या मावशींसमोर ज्यांनी मान खाली घातली होती, त्यांचा हात पहिला.

मधल्या काळात आमचं पक्षी-वेड बरंच वाढलं. मंडळानं एक वही केली आहे, त्यात ज्या दिवशी जो पक्षी दिसेल तो लिहायचा. परसातला दयाळ, गच्चीवरचा वेडा राघू, गटारीकडेचा धोबी, सगळे त्यात आले. ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह आपल्या राज्यात २०२० पासून साजरा होतो. पाच तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची आणि बारा तारीख सलीम अलींच्या. चितमपल्ली आपल्या सोलापूरचे. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते सोलापुरातच गेले. आयुष्यभर जंगलात हिंडून त्यांनी पाखरांची, झाडांची मराठी नावं गोळा केली. आम्ही वहीत नाव लिहिताना अडलो की मैत्रीण त्यांचाच ‘पक्षिकोश’ उघडते.

मेची तयारी झाली होती. जीप सांगून झाली, भाच्याला कळवलं, मावशींनी वेणीफणीची पिशवीसुद्धा भरून ठेवली. आणि २५ मेपासून जो पाऊस कोसळला! इंदापूर-बारामतीकडे शेतं तुंबली, रस्त्यांवरून पाणी गेलं, आणि ज्या दिवसांत उजनी तळाला असायची त्या दिवसांत तिच्यात पाणी चढायला लागलं. जीपवाला नाही म्हणाला. शेतकरी खूश, आमच्या नळाची चिंता मिटली, पेपरात मोठ्या अक्षरात बातमी. मी तो पेपर घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी बातमी वाचली. चष्मा काढून ठेवला.

‘‘बरं झालं की, पाणी आलं,’’ म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, ‘‘आता मायनसमध्ये गेली की सांग हां गं. मी पिशवी तशीच ठेवते.’’